रात्री फोनवर रडते, दिवसा म्हणे छान असते: मुलीला वसतिगृहातून घरी आणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा वर्षांची. यंदा नववीला निवासी शाळेत घातली. तीन आठवडे झाले. रोज रात्री दिवे बंद व्हायच्या आधी तिचा फोन येतो, ती रडते आणि ‘मला घेऊन जा’ म्हणते. वॉर्डनबाईंना विचारलं की त्या म्हणतात, ‘अहो, दिवसभर छान असते. खेळते, हसते, जेवते.’ आईला शंका येते की कुणीतरी काहीतरी लपवतंय. बाबांनी तिला निघतानाच सांगितलं होतं, ‘नाही जमलं तर घेऊन येऊ.’ मग आता आणायचं का?

निवासी शाळांच्या वसतिगृहांत मी आधी गृहमाता होते, पुढे अधीक्षिका. नोकरीचा बहुतेक काळ मुलींच्या खोल्यांच्या पलीकडच्याच खोलीत राहून काढला. हा प्रश्न दर वर्षी पहिल्या सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठरलेला असतो. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते: आज आणू नका. तुमची मुलगी खरं बोलतेय आणि वॉर्डनबाईही खरं बोलताहेत. दोघी दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा सांगताहेत, एवढंच. ‘आणू नका’ हे मात्र सरसकट नाही. एका प्रकारच्या त्रासात मी म्हणेन, आजच गाडी काढा. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी हे रात्रीचं रडणं समजून घ्या. क्रिस्टोफर थर्बर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी निवासी शिबिराला आलेल्या ८ ते १६ वर्षांच्या मुलग्यांच्या मनःस्थितीची रोज नोंद घेतली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर पाचातल्या चारांहून जास्त मुलांना निदान एक दिवस तरी घरच्या आठवणीने सतावलं होतं. तीव्र त्रास थोड्यांनाच झाला. आपल्या कामाची गोष्ट अशी की हा त्रास मुलांच्या वागण्यात कमी आणि मनात जास्त होता. म्हणजे मैदानावर हसणारी मुलगी आतून ठीक असेलच असं नाही, आणि वॉर्डनला ते दिसलं नाही म्हणजे वॉर्डन खोटं बोलतेय असंही नाही. ब्रिटनमध्ये शर्ली फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात निवासी शाळांतल्या मुलांवर बरंच काम केलं. त्यांचा रोख असा की मूल कशात तरी गुंतलेलं असलं की घरची आठवण मागे पडते, आणि हात रिकामे झाले की वर येते. जिथे आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं, तिथे ती जास्त बोचते.

आता वसतिगृहातली रात्र बघा. समजा दिवे दहाला बंद होतात. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांपेक्षा उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहाला आडवं झालं तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही. मधला एक तास काळोख, पाठीखाली अनोळखी गादी, शेजारी अनोळखी श्वास आणि करायला काहीच नाही. तुमचा फोन नेमका या तासाच्या उंबरठ्यावर येतो. तुमचा आवाज ऐकून ती कॉटवर जाते आणि त्या आवाजासकट तासभर जागी पडते. पहाटे लवकर उठायचंच असतं. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सलग तीन आठवडे सहा-साडेसहा तास झोपलेली मुलगी कुठेही असती तरी रडवेलीच झाली असती.

म्हणून पहिलं काम फोनची वेळ बदलण्याचं. संध्याकाळच्या खेळानंतर आणि जेवणाच्या आधी अशी एखादी वेळ शाळेकडून मागून घ्या. फोन ठेवल्यावर तिला लगेच कुठेतरी जायचं असलं पाहिजे, हाच या वेळेचा फायदा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रोजच्याऐवजी दिवसाआड करता आला तर बरंच. पण वार आणि वेळ ठरलेली हवी आणि ती तुम्ही चुकवता कामा नये. काही शाळा पहिला महिनाभर घरच्यांशी बोलणंच बंद ठेवतात, मूल घट्ट होतं म्हणून. मला ते कधीच पटलं नाही. त्याने मूल घट्ट होत नाही. ते फक्त सांगायचं बंद करतं, आणि वसतिगृहात सांगणं बंद झालेलं मूल ही सगळ्यात काळजीची बाब.

फोनवर काय बोलता तेही बघा. ‘जेवलीस का? झोप लागली का? रडली नाहीस ना?’ हे तीन प्रश्न प्रत्येक आईच्या जिभेवर असतात आणि तिन्हींमुळे डोळ्यांत पाणीच येतं. त्याऐवजी ज्यांच्या उत्तरात माणसं येतील असे प्रश्न विचारा. आज जेवताना शेजारी कोण होतं? प्रयोगशाळेत तुझ्या गटात कोण आलं? ती खिडकीजवळची मुलगी अजून झोपेत बडबडते का? पहिले काही दिवस उत्तरं तुटक येतील. मग एक दिवस तुम्ही न विचारताच एखादं नाव येईल. ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी त्या मुलीची खुशाली विचारा. नावं वाढू लागली की मुलगी रुळतेय असं समजा, मग मध्येच रडली तरी.

घरचंही सांगा, पण साधं सांगा. नळ गळत होता, तो दुरुस्त केला. धाकट्याचा दात पडला. ‘तुझ्याविना घर खायला उठतं’ हे खरं असलं तरी तिला सांगू नका. त्याने तिच्यावर तुमचीही जबाबदारी पडते. वाईट बातमी लपवू नका. आजी आजारी असेल किंवा घरातलं मांजर गेलं असेल तर तेव्हाच सांगा. सुट्टीत आल्यावर कळलं तर पुढचं अख्खं सत्र ‘आणखी काय लपवलंय?’ या विचारात जातं. आणि तिची खोली, तिचं टेबल, तिचं कपाट तिला न विचारता दुसऱ्या कुणाला देऊ नका. घरातली आपली जागा शाबूत आहे याची खात्री असली की मूल बाहेर जास्त निर्धास्त राहतं.

‘मला घेऊन जा’ याला काय उत्तर द्यायचं? ‘रडू नकोस’ नको आणि ‘बघू’ तर अजिबात नको. ‘बघू’मध्ये तिला ‘हो’ ऐकू येतं. मग त्या ‘हो’साठी आणखी थोडं रडावं लागेल, हे तिच्याही नकळत तिच्या मनात बसतं. सरळ म्हणा, ‘तुला जड जातंय ते कळलं मला. अमुक तारखेला भेटायला येतोय. आता जेवायला जा, परवा सहाला बोलू.’ आवाज स्थिर ठेवा. तुम्हाला रडू येणार असेल तर त्या दिवशी फोन बाबांकडे द्या.

आता बाबांच्या वचनाबद्दल. ‘नाही जमलं तर घेऊन येऊ’ हे प्रेमापोटी दिलेलं असतं, पण वसतिगृहात मुलाला सगळ्यात जास्त नडतं तेच. थर्बर आणि बालरोगतज्ज्ञ एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात घरच्या आठवणीच्या त्रासावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन लिहिलं. मुलाला अशी आगाऊ सुटका कबूल करू नये, हा सल्ला त्यातही आहे. कारण उघड आहे. ‘तुला हे जमेल याची आम्हाला खात्री नाही’ असा त्याचा अर्थ मूल लावतं. शिवाय दार उघडं दिसलं की नव्या जागेत हातपाय पसरायचे कशाला? तुमच्याकडून हे वचन दिलं गेलंच आहे, तर ते गपचूप विसरू नका. बाबांनीच तिला सांगावं, ‘मी बोललो होतो ते अर्धवट होतं. सत्र संपेपर्यंत तू तिथे राहायचंस. सुट्टीत आपण तिघं बसू, आणि तेव्हा तुझं मत आमच्याइतकंच मोजलं जाईल.’ मग तेव्हा खरंच बसा. अमर्याद काळाची भीती वेगळी आणि कॅलेंडरवर खुणा करता येतील असे दिवस वेगळे. चौदा वर्षांच्या मुलीला हा फरक नीट कळतो.

एवढं झालं की रडणं बरंच उतरतं. पण रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं असं मी कधी मानलं नाही. ज्या दिवशी मुलीला त्या जागेत काहीतरी काम मिळतं, त्या दिवशी ती रुळायला लागते. आणि ते काम असं हवं की ती नसली तर कुणाच्या तरी लक्षात यावं. वाचनालयाच्या एका कपाटाची किल्ली, अभ्यासाच्या वेळेची घंटा, भित्तिपत्रकाचं अक्षर, हॉलीबॉलच्या संघातली राखीव जागा, काहीही चालतं. मोठी पदं यासाठी निरुपयोगी, ती आधीच रुळलेल्यांना मिळतात. नव्या मुलीशी तासभर समजुतीच्या गोष्टी करण्यापेक्षा मी तिला अशी एक किल्ली द्यायचे. घंटा पाच मिनिटं उशिरा झाली की अख्खा मजला तिच्या नावाने ओरडतो. ते ओरडणं ऐकताना तिचा चेहरा बघावा! वॉर्डनबाईंना विनंती करा, त्यांनाही असं कुणीतरी हवंच असतं.

त्याआधी एक अडथळा असतो आणि तो मोठ्यांना दिसतच नाही. वसतिगृहातल्या निम्म्या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात. कोणत्या नळाला आधी गरम पाणी येतं, आतले कपडे कुठे वाळत घालतात, मेसमधलं कोणतं टेबल दहावीच्या मुलींचं, रात्री पोटात दुखलं तर कुणाचं दार वाजवायचं. एक मुलगी सकाळी अंघोळीच्या रांगेत रोज सगळ्यांत शेवटी असायची. तिला वाटायचं की तिथल्या बादल्या ज्याच्या त्याच्या आहेत. म्हणून कुणी ‘घे’ म्हणेपर्यंत ती अंघोळीचा मग हातात धरून भिंतीला टेकून उभी. अंघोळ उशिरा, मग केस ओले, मग मेसमध्ये जायला उशीर, तोवर भांडी उचललेली. घरी फोनवर ती सांगायची, ‘इथलं जेवण मला आवडत नाही.’ घरचे डबे पाठवायला लागले. खरं दुखणं बादलीचं होतं. तिच्या नावाची एक बादली घेतली, तिच्यावर तिनेच रंगाने नाव घातलं, आणि पुढच्या आठवड्यात जेवण आवडायला लागलं. म्हणून ‘इथे मला आवडत नाही’ असं मुलगी म्हणते तेव्हा तिला सकाळी उठल्यापासूनचा क्रम विचारा. उठलीस, मग? मग कुठे गेलीस? तिथे कोण होतं? कुठेतरी ती अडखळेल. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते.

आता खोलीतल्या मुली. पहिल्या आठवड्यात सगळ्या एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागतात, तेव्हा ठरवलेले नियम कुणी पाळत नाही. भांडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि नियम करायची खरी वेळ तीच. भांडणाचे विषय सगळीकडे तेच: दिवा कधी बंद करायचा, गजर, न विचारता वस्तू वापरणं, दुसरीच्या कॉटवर बसणं, आणि बाहेरच्या मैत्रिणींनी खोलीत कधी यायचं.

गजराचं भांडण तर इतकं ठराविक की त्यावरून सगळं समजावं. एक मुलगी पहाटे साडेचारचा गजर लावते, अभ्यासाला उठायचं म्हणून. गजर होतो, ती बंद करते, दहा मिनिटांनी पुन्हा होतो, पुन्हा बंद करते. पाचच्या पुढे कधीतरी ती उठते किंवा उठतही नाही. बाकीच्या तिघी मात्र टक्क जाग्या. तिघींपैकी दोघी धुसफुसतात, तिसरी रडते, आणि साडेचारवालीला वाटतं की माझ्या अभ्यासावर सगळ्या जळतात. अशा वेळी ‘ॲडजस्ट करा’ सांगून काही होत नाही. चौघींना बसवून ठरवायचं: गजर उशीखाली, एकदाच होईल, आणि तेवढ्यात उठली नाही तर पुढचा आठवडा गजर नाही. कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावायचं. नियम मी केला तर तो माझा, आणि मोडण्यात मजा असते. त्यांनी केलेला मोडला तर आपापसांत जाब द्यावा लागतो. तुमच्या मुलीला एकच वाक्य शिकवून पाठवा: ‘मला याचा त्रास होतो, आपण काय करू या?’ हे वाक्य म्हणता येणाऱ्या मुलीला खोली बदलून द्यावी लागल्याचं मला फारसं आठवत नाही.

रूममेट म्हणजे जिवाची मैत्रीण झालीच पाहिजे, असंही काही नाही. झोपायला शांतता आणि वस्तूंना हात न लावणं, एवढं मिळालं तरी खोली चांगली. मैत्रिणी वर्गात मिळतील, मैदानावर मिळतील.

सामानाचं पटकन सांगते. कपाटाला चांगलं कुलूप, एक किल्ली गळ्यात किंवा कमरेला, दुसरी वॉर्डनकडे. कपड्यांवर नाव दोऱ्याने शिवा, पेनाची शाई धुण्यात जाते. महागाची, भावनिक मोलाची वस्तू पाठवू नका. हरवलेली घड्याळं आणि त्यावरून घेतलेले आळ यांनी जेवढ्या मैत्र्या मोडल्या तेवढ्या कशानेच नाही. घरचं काही जवळ हवंच असेल तर न धुतलेला उशीचा अभ्रा किंवा आईची जुनी ओढणी द्या. घरचा वास झोपेला मदत करतो. फोटो एक-दोन पुरे. अख्खी भिंत घरच्या फोटोंनी भरलेली मुलगी रात्रभर त्या भिंतीकडे तोंड करून झोपते.

आरोग्याच्या बाबतीत मात्र थोडं थांबते, कारण इथे लाजेपायी फार नुकसान होतं. एकत्र राहणं म्हटलं की खरूज, नायटा, उवा आणि डोळे येणं यांपैकी काहीतरी कधीतरी होणारच. त्यात अस्वच्छतेचा दोष नसतो. खरजेची गंमत अशी की पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर ती दुसऱ्यांना लागू शकते. म्हणून एकीला क्रीम लावून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आणि ते सांगतील त्याप्रमाणे, बहुधा आठवडाभराने, पुन्हा. त्याच दिवशी चादरी, टॉवेल, अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून काही दिवस बाजूला ठेवायचं. औषध लागू पडलं तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, म्हणून घाबरून क्रीम फासत बसू नये. नायट्यावर दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली क्रीम लावू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो पसरतो. टॉवेल, कंगवा आणि आतले कपडे कुणाला द्यायचे नाहीत, कुणाचे घ्यायचे नाहीत. या बाबतीत मैत्रीण नाराज झाली तरी चालेल.

पाळीचं सामान पहिल्या दोन महिन्यांचं बरोबर द्या आणि ते संपलं तर कुणाकडे मागायचं हे तिला नावानिशी माहीत असू द्या. दमा, फिट्स, ॲलर्जी, रोजची कुठलीही गोळी लेखी कळवा. शाळा प्रवेश नाकारेल म्हणून लपवलेला आजार रात्री दोनला उघडा पडतो. आणि कुणी मोकळेपणाने बोलत नाही असा एक विषय: अंथरूण ओलं होणं. किशोरवयातही शंभरातल्या एक-दोन मुलांना हा त्रास असतो, त्याचा आळशीपणाशी संबंध नाही. तुमच्या मुलीला तो असेल तर वॉर्डनला एकटीला आधीच सांगा. गादीला प्लॅस्टिकचं आवरण, दाराजवळची कॉट, जादाची चादर आणि पहाटे एक हळू हाक, एवढ्यावर कुणाला कळूही न देता वर्षं निघतात. डॉक्टरांकडे त्यावर उपायही आहेत. आधी कळलं नाही तर मुलगी रात्रभर जागी राहून स्वतःच उपाय करते, आणि मग आपण तिला विचारतो, ‘वर्गात झोपतेस का?’

आता ज्यात थांबू नये ते.

घरच्या आठवणीचा त्रास घराभोवती फिरतो. आई, खोली, भाऊ, कुत्रा. तो रात्री वाढतो, दिवसा कमी होतो, आठवडे जातात तसा एकूण उतरतीला लागतो आणि सुट्टीत घरी आल्या आल्या नाहीसा होतो. छळ वेगळा दिसतो. त्यात मुलगी घराबद्दल कमी बोलते आणि तिथली एखादी जागा किंवा वेळ टाळायला लागते. ठरावीक जिना, ठरावीक बाथरूम, जेवणानंतरचा तास, रविवारची दुपार. पैसे, वह्या, खाऊ वारंवार ‘हरवतो’. मोठ्या मुलींची कामं करावी लागतात आणि ती त्याला ‘इथली पद्धत’ म्हणते. एखाद्या मोठ्या माणसाचं नाव निघालं की गप्प होते. आधी रडणारी मुलगी अचानक शांत झाली आणि ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणू लागली, तर मला रडण्यापेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते. फोनवर शेजारी कुणी आहे का, हे विचारून घ्या. ‘हो-नाही’मध्ये उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा, किंवा आधीच एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. तो शब्द आला की दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी.

तिसरा प्रकार उदासीचा. मुलगी घरी आली तरी खुलत नाही, आवडीच्या गोष्टींत मन लागत नाही, दोन आठवड्यांहून जास्त काळ भूक आणि झोप बिघडलेली, वजन उतरतंय, मार्क घसरताहेत, ‘माझ्यात काही अर्थ नाही’ असं बोलते. इथे जागा बदलून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो. आणि मारहाण, अंगाला नकोसा स्पर्श, धमकी, स्वतःला इजा करणं किंवा जगायचं नाही असं बोलणं, यांपैकी काहीही कानावर आलं तर सत्र, फी, वचन, शिस्त सगळं बाजूला. त्याच दिवशी जा, मुलीला जवळ घ्या, तिचं ऐका, आणि चौकशी मागाहून करा. शाळा काय म्हणते ते ऐकायला नंतर भरपूर वेळ असतो.

यातलं काही नसेल आणि साधी घरची आठवणच असेल, तर पुढे काय होतं तेही माहीत असू द्या, म्हणजे मध्येच घाबरणार नाही. साधारण महिना-दीड महिन्यात रडणं आठवड्यातून एखाद्या दिवसावर येतं. रविवार शेवटपर्यंत जड जातो, कारण त्या दिवशी वेळापत्रक नसतं. रविवारी दुपारी कपडे धुणं, पत्र लिहिणं, एखादा सामना असं काहीतरी ठरलेलं असावं. पहिली भेट फार लवकर ठेवू नका आणि लांबवूही नका. भेटीत बाहेर नेऊन पुन्हा संध्याकाळी सोडायचं असेल तर जेवणाच्या आधी सोडा, म्हणजे तुम्ही वळलात की ती ताटाशी बसेल. फाटकाशी निरोप लांबवण्यात कुणाचंच भलं नसतं.

पहिल्या सुट्टीनंतर परत जाताना मात्र ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त रडेल. पालकांना वाटतं, सगळी मेहनत वाया गेली. तसं नसतं. पहिल्या वेळी तिला कुठे चाललो ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे. शक्य तर तिला शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, उजेडात पोहोचवा. रूममेट आधी आलेली असेल अशी वेळ साधा. हे दुसरं रडणं चार-सहा दिवसांत ओसरतं, पहिल्यासारखं आठवडे चालत नाही.

सत्राअखेरीस तिघं बसाल तेव्हा ‘राहायचं की नाही?’ असं थेट विचारू नका. तिथे काय जमलं, काय अजून जमत नाही, आणि घरी राहिली तर कोणत्या शाळेत, कसं, हे तिलाच मांडू द्या. काही मुली खरंच वसतिगृहाच्या नसतात. त्यांना एकांत लागतो, सतत माणसांत राहून त्या थकतात आणि वर्षभर राहूनही ते बदलत नाही. अशी मुलगी सगळं समजून ‘नको’ म्हणाली तर तिला आणा, आणि हरून आली असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. अर्ध्या रात्रीच्या फोनवर घेतलेला निर्णय आणि हा निर्णय, दोन्हींत मुलगी घरीच येते. पण पुढे कधी कॉलेजसाठी बाहेर पडायची वेळ आली की दोघींच्या पावलात फरक दिसतो.

उद्या वॉर्डनबाईंशी बोलाल तेव्हा ‘माझी मुलगी कशी आहे?’ असं विचारू नका, त्याला ‘छान आहे’ हेच उत्तर येतं. विचारा: ती जेवायला कुणाबरोबर बसते? दिवे बंद झाल्यावर तिला झोप किती वाजता लागते, आणि त्या वेळी मजल्यावरून कोण फिरतं? संध्याकाळी फोनला वेळ मिळेल का? आणि तिला करायला एखादं काम आहे का?